शब्दचर्चा : विमान ‘स्टॉल’ होतं तेव्हा मराठीत नेमकं काय होतं?

पाटीपेन्सिल (पंचवटी)
लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरवर नवख्यांसाठी मराठीत टिपण लिहितो आहे. गाडं ‘स्टॉल’ आणि ‘स्टॉल वॉर्निंग’पाशी अडलंय. नुसतं स्टॉल लिहिलं तर वाचणाऱ्याला मिसळीचा स्टॉल आठवतो. ‘विमान बंद पडणे’ लिहिलं तर तो इंजिन तपासायला धावतो. त्याआधी विमान थरथरतं त्याला इंग्रजीत बफे म्हणतात, आणि आपल्याकडे बुफे म्हणजे लग्नातली ताटं घेऊन उभी असलेली रांग. सुचवा काहीतरी.

ओझरवारा
‘बंद पडणे’ आधी खोडा. इंजिन पूर्ण ताकदीनं चालू असतानाही स्टॉल होतो, कारण स्टॉल पंखाचा असतो. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वरच्या पाठीवरून वाहणारी हवा पंख सोडून जाते आणि उचल कोसळते. साध्या सरळ पंखाला ही मर्यादा साधारण १५-१६ अंशांची.

‘वेग कमी पडणे’ हा अर्थसुद्धा अर्धवटच. सरळ उडताना ताशी १५० किमीला स्टॉल होणारं विमान उंची न सोडता ६० अंश कलून वळवलं, की पंखांवर २ जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट, भार येतो आणि तोच स्टॉल २१२ किमीला होतो. ४ जी ओढले तर ३०० किमीला. भाराचं वर्गमूळ काढायचं आणि मूळ वेगाला गुणायचं. झुंजीत माणसं पडतात ती याच हिशेबात. काट्यावर २८० दिसतात म्हणून निर्धास्त असतात.

मळेवाला (निफाड)
शब्द विहिरीवर आहे की! फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की मोटर गरागरा फिरते, पण पाणी येत नाही. तेव्हा आपण ‘मोटर बंद पडली’ म्हणतो का? ‘मोटरनं पाणी सोडलं’ म्हणतो. तसंच, पंखानं हवा सोडली.

पाटीपेन्सिल
झकास! मग नाम काय करायचं, ‘हवा सुटणे’?

शुद्धलेखनी
नको, नको. हवा सुटली म्हणजे वारा वाहू लागला. पोटाचा अर्थ आणखी वेगळा. ‘हवा सोडणे’लाही सायकलच्या ट्यूबची अडचण आहेच, पण कर्ता ‘पंखाने’ असा स्पष्ट ठेवला तर अर्थ बिघडत नाही. तेव्हा पहिल्या वाक्यात क्रियापद वापरून समजावा आणि पुढे नाम म्हणून ‘स्टॉल’च ठेवा. मात्र ‘स्टॉल मारला’ लिहू नका. मारणे आणि खाणे यांतला फरक पतंगवाल्यांना पक्का ठाऊक असतो. गोता मारला म्हणजे मुद्दाम, गोता खाल्ला म्हणजे नाइलाजाने.

ओझरवारा
मळेवाले दादांचा शब्द जेट इंजिनालाही चालतो, हे बघा. ‘कॉम्प्रेसर स्टॉल’ म्हणजे कॉम्प्रेसरच्या, इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यांनी हवा सोडणं. पातं म्हणजे छोटा पंखच. इतका नेमका शब्द इंग्रजीतही नाही.

थरथराट (सातपूर)
माझा मुद्दा ‘वॉर्निंग’चा आहे. सगळे सरसकट ‘इशारा’ लिहितात. मराठीत दोन शब्द आहेत आणि इथं दोन्ही लागतात.

इशारा कुणीतरी देतं. सेसना १७२ या छोट्या विमानात डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं. कोन वाढला की तिथं हवा शोषली जाते आणि आतली पिपाणी वाजते, स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी. फँटम या लढाऊ जेटमध्ये कानात सूर येतो आणि रडरचं (शेपटीवरच्या सुकाणूचं) पेडल थरथरवणारं यंत्र असतं. हे इशारे.

चाहूल आपल्याला लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक लढाऊ विमानांत पिपाणी नव्हतीच, जे होतं ते चाहूल. सुटलेली खडबडीत हवा पंखाच्या मुळाशी आणि शेपटीवर आदळते, तिची थडथड. (‘बफे’ला हाच शब्द घ्या.) शिवाय कांडी (विमान वळवायचा दांडा, स्टिक) मऊ लागणं, वाऱ्याच्या आवाजाचा पोत बदलणं.

चाहूल प्रत्येक विमानाची वेगळी. स्पिटफायरचा पंख पिळलेला आहे, मुळाशी अधिक २ अंश आणि टोकाशी उणे अर्धा. त्यामुळे मूळ आधी हवा सोडतं, थडथड सुरू होते आणि तेव्हाही टोकाकडची एलेरॉन (विमान कलवणाऱ्या झडपा) कामात असतात. बीएफ १०९ ची चाहूल डोळ्यांनी घ्यायची. पंखाच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या, म्हणजे स्लॅट, हवेच्या ओढीनं आपोआप बाहेर येतात. मान वळवून बघा. बाहेर आल्या म्हणजे कड जवळ आली. एक आधी आणि दुसरी मागून आली तर कांडीला हिसका बसतो. एफडब्ल्यू १९० मात्र मुका. चाहूल जवळजवळ नाहीच, एकदम पंख टाकतो. तिथं थडथडीची वाट पाहणारा जमिनीवर भेटतो.

मळेवाला (निफाड)
मग ओझरला बांधलेल्या मिग-२१ चं काय?

ओझरवारा
त्रिकोणी पंख. त्याच्या तिरप्या कडेवरून हवेचे भोवरे निघतात आणि ते मोठ्या कोनालाही उचल धरून ठेवतात. म्हणून ‘मान टाकली’ हा वाक्प्रचार, जो १९० ला चपखल बसतो, इथं चुकतो. मिग मान टाकत नाही, बसत जातं. पावसात मातीची भिंत बसते तसं. नाक वर, इंजिन जोरात, आणि उंचीचा काटा खाली. चाहूल धूसर असल्यानं नजर कोनमापकावर हवी.

आणि त्या कोनाला ‘आपतन कोन’ लिहू नका. पंख धडाला ज्या कायम कोनात जोडलेला असतो त्याला इंग्रजीत इन्सिडन्स म्हणतात, आणि शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यात इन्सिडन्स म्हणजेच आपतन. दोन्हींची खिचडी होते. ‘हल्ल्याचा कोन’ तर त्याहून वाईट, वाचणारा शत्रू शोधत बसतो.

पाटीपेन्सिल
‘पंखाचा वाऱ्याशी कोन’ लिहितो. लांब आहे, पण कळतं. आता प्रश्न असा की खुर्चीत बसलेल्याला चाहूल लागणार कशी?

थरथराट (सातपूर)
कान, बूड आणि हात, या क्रमानं.

कान : आवाजाच्या सेटिंगमध्ये इंजिन निम्म्यावर आणा, बाकी तसंच ठेवा. थडथड इंजिनच्या घरघरीखाली दबते, ही सर्वांत साधी चूक.

बूड : खुर्चीच्या तळपाटाला बास शेकर (आवाजाचे हादरे करणारं यंत्र) घट्ट बोल्टनं लावा, गादीला नाही. खुर्चीच्या पायांखाली रबर द्या, नाहीतर अर्धा हादरा फरशी खाते आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात. अॅम्प्लिफायरवर ८० हर्ट्झच्या वरचं कापा. सिम्युलेटरची माहिती शेकरला देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंजिन २० टक्के, थडथड ८० टक्के. दोन्ही सारखे ठेवले तर मिनिटाला ३,००० फेऱ्यांचं इंजिन ५० हर्ट्झवर सतत गुणगुणतं आणि अनियमित थडथड त्यात विरघळते.

हात : स्प्रिंगची जॉयस्टिक काही सांगत नाही. कोन कितीही असो, तिचा जोर तोच. फोर्स फीडबॅकची (हाताला उलट जोर देणारी) कांडी नसेल तर पिचच्या (नाक वर-खाली करणाऱ्या) अक्षाला सेटिंगमध्ये १५-२० चा वक्र द्या आणि शक्य असल्यास कांडीला १० सेंटिमीटरची जोडनळी लावा. लांबी वाढली की हात तितक्याच कोनासाठी जास्त फिरतो, ओढणं हळू होतं.

सराव ३,००० मीटरवर. ६० अंश कला, हळूहळू ओढा, पहिली थडथड आली की तिथंच थांबा, ती संपणार नाही आणि वाढणारही नाही इतकंच धरा. दोन्ही बाजूंना पाच-पाच वळणं. मग काटे झाकून परत.

पाटीपेन्सिल
मसुदा : “थडथड ही चाहूल, पिपाणी हा इशारा. दोन्हींकडे दुर्लक्ष केलं की पंख हवा सोडतो. पडणारा पंख उलट एलेरॉननं उचलावा आणि कांडी पुढे करावी.”

ओझरवारा
शेवटचं वाक्य उलटं झालंय. पडणाऱ्या बाजूचं एलेरॉन खाली गेलं की त्या टोकाचा कोन आणखी वाढतो आणि तो पंख उरलीसुरली हवाही सोडतो. तिथूनच गिरकी लागते. असं लिहा : “आधी कांडी पुढे, एलेरॉन मध्यावर, पडणाऱ्या पंखाच्या उलट बाजूचा रडर. हवा परत धरल्यावरच पंख समतल करावेत.”

शुद्धलेखनी
‘हवा परत धरणे’ ठेवा. सोडणेला जोडी मिळाली.