अनुभव धागा : कार्टून मालिकेचा शेवटचा भाग

लहानपणी आपण कार्टून मालिकांचे शेकडो भाग पाहिले. त्यांपैकी किती मालिकांचा शेवट पाहिल्याचे आठवते? माझ्या मुलीने हे विचारले, तेव्हा मला एकही नाव सांगता आले नाही. सोलापुरात वाढलेल्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा. पाहिला नसेल, तर का राहिला तेही सांगावे.

साखर पेठेतून

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीत लागणारी मोगलीची मालिका आमच्या वाड्यातील अकरा मुले एकाच घरात दाटीवाटीने बसून पाहत असत. ती मूळची जपानी असून तिचे ५२ भाग आहेत, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते. शेवटच्या भागाच्या दिवशी पडद्यावर मुंग्या आल्या, म्हणून थोरला भाऊ अँटेना फिरवायला पत्र्यावर चढला. वरून ‘आलं का?’ आणि खालून ‘गेलं!’ एवढाच संवाद चालू राहिला व तेवढ्यात भाग संपला. शेरखान आणि मोगली यांची अखेर दोस्ती होते, असे पलीकडच्या गल्लीतील एका मुलाने शपथेवर सांगितले आणि आम्ही ते वीस वर्षे खरे मानले. पुढे मोबाइलवर पाहिले, तर मोगली गावात राहायला जातो, मात्र जंगलातील सोबत्यांना भेटायचे सोडत नाही. तो मुलगा आता वकील आहे, हे सहज सांगतो.

केबलच्या धंद्यात बारा वर्षे काढलेला

पुष्कळ मालिकांना शेवटच नव्हता, हे लक्षात घ्यावे. डिस्नेच्या ‘टेलस्पिन’ या मालिकेचे बरोबर ६५ भाग आहेत. आठवड्याला पाच याप्रमाणे ते तेरा आठवडे पुरतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून दाखवता येतात. कोणताही भाग कधीही लावता यावा, म्हणून प्रत्येक गोष्ट जिथून निघाली तिथेच परत आणून सोडायची, अशी ती रचना होती. निरोपाचा भाग मध्येच लागला असता, तर सगळा घोळ झाला असता.

जुळे सोलापूर, प्राथमिक शिक्षिका

माझ्या वर्गातील एका मुलाने डबा खायचे सोडले होते. ‘डोरेमॉन’ या जपानी मालिकेतील नोबिता हा मुलगा बेशुद्धावस्थेत असून त्याचा यंत्रमांजर मित्र डोरेमॉन हे केवळ त्याचे स्वप्न आहे, असे त्याला कोणी तरी दाखवले होते. ही निव्वळ अफवा आहे. मूळ चित्रकथेचे लेखक फुजिको एफ. फुजिओ १९९६ साली गेले आणि गोष्टीचा अधिकृत शेवट त्यांनी केलाच नाही. मार्च १९७४च्या मासिकात मात्र त्यांनी डोरेमॉनला निरोप दिला होता. आपल्यामागे याचे कसे होईल, या काळजीने डोरेमॉनचा पाय निघत नाही, म्हणून नोबिता रात्री एकट्याने दांडगट जियानशी मारामारी करतो, मार खातो, पण जियानला सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. सकाळी डोरेमॉन गेलेला असतो. पुढच्याच महिन्यात लेखकांनी त्याला परत आणले. एवढे सांगितल्यावर त्या मुलाने, ‘बाई, जियान खरंच हरला?’ असे विचारले आणि शेंगाचटणीचा डबा उघडला.

होटगी रस्त्यावरून

केबलवाल्या काकांचे म्हणणे मान्य असले, तरी सगळा दोष वेळापत्रकाला देणे मला पटत नाही. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ६१ भागांत पूर्ण झाली, कारण तिची कथा मुळातच एका शेवटाच्या दिशेने लिहिलेली होती. जुलै २००८ मध्ये अमेरिकेत दाखवलेल्या चार भागांच्या अखेरीत नायक आंग शत्रूला ठार न मारता त्याची केवळ अग्निशक्ती काढून घेतो. माझ्या मनात मात्र त्यानंतरचा प्रसंग राहिला. युद्ध संपल्यावर सगळे आयरो काकांच्या चहाच्या दुकानात बसतात, आंगचा मित्र सॉका सर्वांचे अत्यंत वाईट चित्र काढतो, त्यावरून थट्टा होते आणि शेवटची काही क्षणचित्रे संवादाविना सरतात. जिंकल्यानंतर लगेच पडदा पाडला नाही, हे मला फार आवडले.

विजापूर रस्ता, आजोबा

आमच्याकडे ‘छोटा भीम’ चालू असतो. २००८ साली सुरू झाला तेव्हा माझा मुलगा पाहत असे, आता नात पाहते. भीम अजून शाळकरीच आहे. ‘आजोबा, हा मोठा कधी होणार?’ असे तिने परवा विचारले. भीम ताकदीसाठी लाडू खातो, म्हणून मी लाडवांचे कारण पुढे केले. ते तिला पटलेले दिसले नाही.