फर्रुखरू पारसा आणि त्यांच्या आई

इराणी स्त्रीला स्वातंत्र्य शहांनी, म्हणजे राजे मोहम्मद रझा पहलवी यांनी, दिले आणि त्यांची सत्ता उलथवणाऱ्या १९७९ च्या इस्लामी क्रांतीने ते हिरावून घेतले, असे एक मत आहे. त्याचा उत्तरार्ध मला मान्य आहे. पूर्वार्धात मात्र ज्या बायकांनी त्याआधीच किंमत मोजली होती, त्यांचा उल्लेखच राहून जातो. फख्र-आफाक पारसा यांनी १९२१ च्या सुमारास मशहदमधून ‘जहान-ए-ज़नान’ हे स्त्रियांसाठीचे नियतकालिक काढले आणि मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली, तेव्हा सनातनी मंडळींच्या रोषामुळे त्यांना कोम शहरात स्थानबद्ध राहावे लागले. १९२२ मध्ये तिथेच जन्मलेली त्यांची मुलगी म्हणजे फर्रुखरू. वैद्यकीय पदवी मिळवूनही फर्रुखरू यांनी शिक्षकी पेशा पत्करला. तेहरानच्या ज्यां द आर्क शाळेत त्या जीवशास्त्र शिकवत असत, आणि पुढे राणी झालेल्या फराह दिबा तिथे त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. १९६३ मध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला, त्याच वर्षी त्या मजलिसमध्ये, म्हणजे इराणच्या संसदेत, निवडून गेल्या आणि १९६८ मध्ये शिक्षणमंत्री, म्हणजेच इराणच्या पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. क्रांतीनंतर, वकीलही न देता चालवलेल्या खटल्यात दोषी ठरवून, मे १९८० मध्ये त्यांना देहदंड देण्यात आला. स्त्री-पुरुष समतेसाठी केलेल्या कामाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करण्यास त्यांनी अखेरपर्यंत नकार दिला.

शहांच्या वडिलांनी, रझाशहांनी, १९३६ मध्ये बुरखाबंदी केली तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढत, आणि त्या धास्तीने कित्येकींनी घराबाहेर पडणेच सोडले, हेही या हिशेबात धरायला हवे.