सातवीनंतरची गळती आणि पालकांची ‘अनास्था’

सातवीनंतर मुले, विशेषतः मुली, शाळा सोडतात त्याचे मुख्य कारण पालकांची अनास्था आहे, असे मांडले जाते. मला हे निदान अपुरे वाटते. ग्रामीण महाराष्ट्रात जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असते. पुढे दाखला काढून मोठ्या गावातील विद्यालयात नाव घालावे लागते आणि रोजचा प्रवास मागे लागतो. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो आणि तो फार मोलाचा आहे. परंतु शाळा पाचला सुटत असेल आणि वाडीकडे जाणारी गाडी अंधार पडल्यावर येत असेल, तर फाट्यावर थांबलेल्या मुलीच्या आईची काळजी ही अनास्था कशी म्हणता येईल?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहाची सोय असली, तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलीला मागे ठेवण्याची धास्ती असते, शिवाय कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणीतरी हवेच असते. परतल्यावर ती आठवीत बसते खरी, पण अपूर्णांक आणि इंग्रजी वाचन मागेच राहिलेले असते. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आणि पोषण आहार, दोन्ही आठवीपाशी थांबतात, आणि कच्चेपणा नेमका नववीत उघडा पडतो. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. तीत मागे पडलेल्यांना पुरवणी मार्गदर्शन खरोखर मिळते का, हे शाळा व्यवस्थापन समित्यांनी आग्रहाने विचारावे.