गरोदरपणात ‘हे खाऊ नका’ची यादी एवढी लांब हवीच का?

रेवा_के:
वहिनीला पाचवा महिना लागलाय. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक पदार्थ बंद करून जातो. परवा तर तिने पूर्ण उकडलेलं अंडं अर्धं खाऊन बाजूला सारलं, कारण कुणीतरी म्हणालं, ‘अंडं नको हं.’ अहो, कच्चं किंवा अर्धकच्चं नको, साल्मोनेला हा जंतू असू शकतो म्हणून! माझं मत स्पष्ट आहे: यादी छोटी ठेवा आणि प्रत्येक पदार्थापुढे कारण लिहा. ब्रिटनमध्ये १९९८ साली, घरात ॲलर्जीचा इतिहास असलेल्या गरोदर बायकांना शेंगदाणे टाळायला सांगितलं होतं. टाळून फायदा होतो असा पुरावा मिळेना, म्हणून २००९ मध्ये तो सल्ला मागे घेतला. मधल्या काळात किती जणी विनाकारण घाबरल्या असतील!

सावलीतली:
नाही पटलं. नऊ महिने चार गोष्टी खाल्ल्या नाहीत तर काय बिघडतं? लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. कच्चं दूध, त्याचं मऊ चीज, गरम न करता खाल्लेले तयार मांसाचे काप, यांतून तो येतो. आईला नुसती कणकण जाणवते आणि इकडे गर्भपात होऊ शकतो, बाळ दगावू शकतं. लक्षणं कधीकधी कित्येक आठवड्यांनी दिसतात, तोवर काय खाल्लं होतं ते कुणाला आठवणार? दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या तयार मांसातून साथ पसरली. हजारावर लोकांना लागण, दोनशेहून अधिक मृत्यू, आणि त्यांत नवजात बाळं कितीतरी. तुमच्या छोट्या यादीत हे विसरलं तर?

रेवा_के:
विसरायचं कशाला? ते पहिल्या ओळीत लिहा. मांस वाफा येईपर्यंत गरम केलं की जंतू मरतो, हेही लिहा. पण सरसकट बंदीने नुकसान होतं. मासेच घ्या. शार्क, स्वोर्डफिशसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, तो वारेतून बाळाच्या मेंदूपर्यंत जातो. ते नकोतच. म्हणून सगळेच मासे बंद केले, तर बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३ कुठून आणणार?

मीठभाकर:
रेवा, तुमचा एक मुद्दा कच्चा राहिला: प्रमाण. कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, म्हणजे साध्या इन्स्टंट कॉफीचे साधारण दोन मग. पण चहा, कोला, चॉकलेट यांतलं कॅफीनही त्यातच धरायचं, ते कोण मोजतं? ‘थोडं चालतं’ म्हटलं की माणूस पळवाट शोधतो. त्यापेक्षा ‘बंद’ सांगितलेलं बरं. काळीज पौष्टिक म्हणून आग्रहाने वाढतात, पण त्यातलं रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, जास्त झालं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. (गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासूनही शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पण त्याची तशी भीती नाही.) आणि दारूचं तर सुरक्षित प्रमाणच कुणाला सांगता आलेलं नाही. तिथे शून्यच.

रेवा_के:
दारू शून्य, मान्य. काळीजही नको. पण कॉफीत मोजता येतं, तर बाईला मोजू द्या ना! ती लहान मूल नाही.

सावलीतली:
मोजेल हो, पण दिवसभर उलट्यांनी बेजार झालेल्या बाईच्या डोक्यावर आणखी हिशेब कशाला? तिला सरळ सांगा काय नको. आणि तिच्यासमोर तेच खात बसू नका, एवढं तरी घरच्यांनी करावं.