मदत हवी आहे: रात्रीचा मोह आवरत नाही

जय ख्रिस्त मंडळी. विषय अवघड आहे, पण आता विचारतोच. दिवसभर काही नसतं. रात्री दिवा मालवला की हात आपोआप मोबाईलकडे जातो, आणि नको ते बघून झाल्यावर प्रार्थनेला तोंड उघडवत नाही. बायबलमध्ये उत्पत्तीच्या ३९व्या अध्यायातला योसेफ, मालक पोटीफरची बायको मोहात पाडू लागली तेव्हा, तिच्या हातात वस्त्र सोडून पळाला. मी पळू कुठे? मोह उशाशीच आहे! (फोन बाहेरच्या खोलीत ठेवून पाहिला, चार दिवस टिकलं.) बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात (५:१६) पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलंय. पण चर्चच्या पाळकांसमोर जीभ रेटत नाही. लग्न ठरलंय, तिला सांगावं का? यातून गेलेल्यांनी सांगा, आधी कुणाशी बोललात, सुरुवात कशी केलीत? नुसतं ‘प्रार्थना कर’ नको, ती चालूच आहे.