व्हीएआर काढू नका, त्यातला संवाद सुधारा

फुटबॉलमधला व्हीएआर, म्हणजे रिप्ले पाहून मैदानावरच्या पंचांना मदत करणारा व्हिडिओ पंच, 'काढूनच टाका, पंच चुकले तर चुकले' असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा गोल आठवा. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल, स्कोअर 0-0. लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला होता, म्हणजे गोल नाकारला होता. स्टॉकली पार्क या लंडनमधल्या व्हीएआर केंद्रात बसलेल्या व्हीएआरने रिप्ले पाहिला, दियाझ ऑनसाइड आहे, म्हणजे गोल वैध आहे, हे त्यांना बरोबर दिसलं. पण मैदानावर गोल दिलाच आहे अशी त्यांची समजूत होती, म्हणून 'चेक कम्प्लीट' एवढंच सांगितलं. मुख्य पंचांनी त्याचा अर्थ ऑफसाइड कायम असा घेतला. फ्री किक झाली, खेळ सुरू झाला. त्याच खोलीतून खेळ थांबवा अशी सूचना आली, पण नियमानुसार आता मागे जाता येत नाही म्हणून ती मानली गेली नाही. लिव्हरपूल 2-1 हरलं, तेही इंज्युरी टाइममधल्या स्वयंगोलवर.

म्हणजे कॅमेरा चुकला नाही, रेषाही चुकली नाही. चुकलं ते बोलणं! 'गोल द्या' हे दोन शब्द पुरले असते.

पंचांमधल्या या बोलण्याची ध्वनिफीत तीन दिवसांनी बाहेर आली. क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाचं बोलणं आपण घरबसल्या तिथल्या तिथे ऐकतो, रग्बीतही ऐकू येतं. फुटबॉलमध्येच ते बंद खोलीत का? स्टेडियममध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाला तर काय तपासताहेत हेही धड कळत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.