लपून ऐकलेली गाणी – तुमचं कोणतं?

काल जळगावहून चोपड्याला येताना गाडीत एकटाच होतो, अल्ताफ राजा फुल्ल लावलेला, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत महिने मोजत जाणारं ते लांबलचक, आणि तापीच्या पुलावर मी पण जोरात गात होतो. गावात शिरलो, ओळखीचे एक सर दिसले आणि हात आपोआप आवाज कमी करायला गेला. १९९७ पासून आवडतो हा माणूस मला. मधले शेर ऐकायला जीव अडकतो, आणि तरी कोणी विचारलं तर मी गझल ऐकतो म्हणून सांगतो. तुमचं असं काय आहे? मोकळेपणानं लिहा.

*

रावेर तालुका. माझा कुमार सानू. केळीची कापणी असली की सकाळीच ट्रक लागायचा, मजूर घड डोक्यावर घेऊन बांधावर आणायचे आणि ड्रायव्हर केबिनची दारं सताड उघडी टाकून कॅसेट लावायचा. एकदा टेपनं रीळ गिळली तर त्यानं लोडिंग थांबवलं, बोटानं हळूहळू ती पट्टी सोडवली, सुरकुती नखानं सपाट केली, मग पेन घालून गुंडाळत बसला, आणि आम्ही पोरं तोंड उघडं टाकून बघत होतो. आमचे आप्पा भजनी मंडळातले, सिनेमाची गाणी म्हणजे थिल्लरपणा असं त्यांचं ठाम मत. त्याच संध्याकाळी चिकाचे डाग पडलेला सदरा हौदावर घासताना ते त्याच चालीवर गुणगुणत होते, शब्द नव्हते, नुसती चाल. मी काहीच बोललो नाही.
पुढं पुण्यात रूमवर पोरं म्हणायची सानू काय ऐकतो, नाकात गातो. अरे लागोपाठ ५ वर्षं फिल्मफेअर घेतलंय त्या माणसानं, उगाच का? पण तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही माझ्या, त्याचं अजून वाईट वाटतं.

*

नंदुरबार, हॉस्टेल, २००५. हिमेश. उशीखाली मोबाईल ठेवून ऐकायचे. अजून त्याचं गाणं लागलं की पोटात कालवतं, बास.

*

मी धुळ्याची, नोकरी काउंटरवरची. माझं म्हणजे अहिराणी गाणी, ती लग्नात डीजेवर वाजतात ना तीच. दिवसभर शुद्ध मराठी बोलायचं, घरी पण मुलीशी तेच, कारण शाळेत तिला कोणी हसायला नको. मग स्कूटीवर हेडफोन, आणि आग्रा रोडपासून घरापर्यंत माझी भाषा. तो बेंजो सुरू झाला की हळदीचा मांडवच डोळ्यासमोर येतो, आत्या-मावश्या पदर खोचून नाचताहेत आणि चुलाण्यावर वरणबट्टीचं वरण उकळतंय.
गेल्या डिसेंबरात भरीत करत होते, गॅसवर वांगी भाजायला ठेवलेली, घरात कोणी नाही म्हणून मोबाईल ओट्यावर ठेवून मोठ्यानं लावलं. सासूबाई मंदिरातून कधी आल्या कळलंच नाही. मी घाईनं बंद केलं तर त्या दारातच उभ्या, चप्पल पण काढली नव्हती. म्हणाल्या, "बंद काब करं व? माले बी आवडस. आखो लाव."
परत लावलं. वांगी एका बाजूनं जास्तच भाजली गेली त्या दिवशी.